हात वर करण्याचें गणित

गणिताच्या प्राध्यापकानें विद्यार्थि-संघटनेविषयीं लिहावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. गणित हा एकांताचा विषय आणि संघटना हा गर्दीचा, असा सर्वसाधारण समज आहे. ‘पोरें सभांत गुंतलीं कीं अभ्यासास मुकलीं’ हें वाक्य शिक्षकांच्या खोलींत मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें भूमितींतील एखादें स्वयंसिद्ध तत्त्वच असावें! परंतु स्वयंसिद्ध निराळें आणि कोणीं पडताळून न पाहिलेलें निराळें.

आपल्या इकडचा इतिहास तर उलट साक्ष देतो. १८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं व नुकत्याच शिकून निघालेल्या तरुणांनीं साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठीं एक सभा काढली. नुसत्या निबंधवाचनानें त्यांचें समाधान होईना, म्हणून पुढच्याच वर्षीं त्यांनीं मुलींच्या शाळा उघडल्या आणि तेथें शिकविण्याचें काम सभासदांनींच अंगावर घेतलें. त्यांतले एक धडपडे तरुण, दादाभाई नौरोजी, पुढें त्याच संस्थेंत गणिताचे प्राध्यापक झाले. १८७६ सालीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर त्यांनीं जो निबंध वाचला, तो वक्तृत्वापेक्षां त्रैराशिकावरच अधिक उभा होता. प्रांतोप्रांतींचें पीक, त्याचे भाव आणि माणसांची संख्या मांडून त्यांनीं माणशीं वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये काढून दाखविलें. टिळक आणि गोखले या दोघांनींहि पुण्यास गणित शिकविलें आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं तर १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणितच शिकविलें, आणि त्याच काळांत, १८९६ सालीं, अनाथ बालिकाश्रम स्थापिला. गणितानें माणूस सार्वजनिक कामास निकामी होतो असें म्हणणारांनीं या नांवांचें काय करायचें तें ठरवावें.

माझे स्वतःचे संघटनेचे दिवस नागपुरांत गेले. आणीबाणीपूर्वींचीं तीं दोन-तीन वर्षें. सकाळीं वर्गांत सिद्धता आणि सायंकाळीं सभेंत ठराव, असा माझा दुहेरी संसार चाले. दोन्हीं ठिकाणचे न्याय मात्र अगदीं विरुद्ध. फळ्यावरील सिद्धता बरोबर असेल तर सगळा वर्ग विरुद्ध गेला तरी ती बरोबरच. सभेंत एका हातानें पारडें फिरे. मतदानांत हरून, दुसऱ्या दिवशीं त्याच ठरावाचीं पत्रकें वांटण्याची शिस्त मला सभेनें लावली. हरलों म्हणून आपलें म्हणणें खोटें ठरत नाहीं, हा धीर मात्र गणिताचा.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें महाराष्ट्रांतील महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि प्रतिनिधि गुणांवरून नेमले जाऊं लागले. निवडणुकांतील दंगेधोपे पाहतां तेव्हां अनेकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. मी टाकूं शकलों नाहीं. २०१६ च्या कायद्यानें निवडणुकांची तरतूद पुन्हां केली. परंतु मधल्या काळांत हरण्याची संधीच न मिळालेल्या किती पिढ्या वर्गांतून निघून गेल्या!

तसें पाहिलें तर हात वर करण्याची संवय वर्गांतहि असतेच. माझी बहुतेक नोकरी धानाच्या मुलखांत झाली. शेतकऱ्यांचीं हीं मुलें बुद्धीनें कोठेंहि उणीं नाहींत. पण ‘समजलें का?’ म्हणून विचारावें, तर सगळे हात एकदम वर. समजलेलें नाहीं हें मला ठाऊक, त्यांस ठाऊक, आणि हात तरी वरच! हें एकमत मला कोणत्याहि मतभेदापेक्षां अधिक भयंकर वाटत आलें आहे.

तें एकदां मोडलेलें मीं पाहिलें तें प्रतापगडास. हा शिवरायांचा प्रतापगड नव्हे. गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतला. येथें डोंगरावर महादेव आहे आणि त्याच परिसरांत ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीच्या यात्रेस दोन्हीं धर्मांचे लोक लोटतात. सेवा योजनेचीं आमचीं मुलें पाणी द्यावयास व रांगा लावावयास गेलीं होतीं. यात्रेस किती लोक येतात तें मोजावें, अशी त्यांनींच टूम काढली. मीं मध्यें पडलों नाहीं. दर पंधरा मिनिटांतलें पहिलें मिनिट चढणीच्या पायथ्याशीं मोजायचें आणि आलेल्या आंकड्यास पंधरांनीं गुणायचें, अशी त्यांच्या चिटणिसानें योजना मांडली. सगळ्यांचे हात वर झाले.

दुपारीं पाण्याच्या घागरींजवळची एक मुलगी माझ्याकडे आली. वर्षभरांत तिनें वर्गांत एकहि प्रश्न विचारला नव्हता. ती म्हणाली, “सर, एस. टी.च्या जादा गाड्या पाव-पाव तासानें लागताहेत. गाडी लागली कीं लोंढा येतो, घागर रिकामी होते. मग दहा मिनिटें कोणी फिरकत नाहीं. आपण नेमकें लोंढ्याचेंच मिनिट मोजतों आहों.”

मीं तिला चिटणिसाकडे पाठविलें. तेथें चांगलीच जुंपली. “ठरलें आहे ना? मतें झालीं आहेत!” असा एकच गिल्ला झाला.

“मतांनीं माणसें वाढत नाहींत,” ती म्हणाली.

मग डब्यांत एक ते पंधरा आंकड्यांच्या चिठ्ठ्या आल्या. दर पाव तासाला एक चिठ्ठी काढायची, निघेल तें मिनिट मोजायचें आणि चिठ्ठी पुन्हां डब्यांत टाकायची, असें ठरलें. ठराव पुन्हां मतास टाकला, तेव्हां दोन हात विरुद्ध होते. त्यांतला एक चिटणिसाचा. तरीहि संध्याकाळपर्यंत घड्याळ हातांत धरून मोजीत बसला तो तोच. रात्रीं बेरीज झाली. सकाळीं त्यानें मोठ्या हौसेनें लिहिलेला आंकडा आतां पुष्कळच खालीं आला होता. त्यानें तो खोडला, खालीं नवा लिहिला, आणि वही सहीसाठीं त्या मुलीपुढें सरकविली.