एचडीएमआय कुणाला?

एडवण, रविवार, रात्र.

टीव्हीला एचडीएमआयची जागा एकच, आणि मागणारे तिघे: बाबांचा फ्री डिशचा साधा बॉक्स, दादाचं डीव्हीडीवालं होम थिएटर, भाचीची फायर स्टिक. उद्या सफाळ्याहून स्प्लिटर आणू, असं दादा म्हणाला. पण स्प्लिटर एका यंत्राचं चित्र दोन टीव्हींना वाटतो. अनेक यंत्रं एका टीव्हीला जोडायला स्विच लागतो. ही गल्लत घरोघरी होते आणि पैसे फुकट जातात.

टीव्ही फिरवून मागे बॅटरी मारली. खाऱ्या वाऱ्याने पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या दोन्ही जोडांवर हिरवट थर चढलेला. वीज बंद करून कोरड्या फडक्याने पुसला, तसं त्या जोडांवरूनही चित्र आलं. आपल्याकडच्या डीव्हीडीत मुळात 576च रेषा असतात. पिवळ्या वायरीने रंगांच्या कडा जरा पसरतात, एवढंच. आवाज तर होम थिएटरच्या स्वतःच्या स्पीकरमधून येतो. बाबांच्या बातम्यांनाही ती वायर पुरते. फायर स्टिकला मात्र दुसरी वाटच नाही.

म्हणून जागा भाचीला. आणि स्विच येईपर्यंत कुणी ती स्टिक उपसून पुन्हा खोचू नये. खोबण सैल झाली, तर स्विच आणूनही तिघांचं एचडीएमआय जाईल.