पाषाण आणि पायरी

यात्रा आणि सहल हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी नांदत असले, तरी त्यांचे कुळ वेगळे आहे. यात्रेला निघालेला मनुष्य नवस, पश्चात्ताप किंवा कृतज्ञता सोबत घेतो. सहलीला निघालेला मनुष्य डबा सोबत घेतो. आपल्या धर्मग्रामांना यात्रा नवीन नाहीत. सप्टेंबर उजाडला की वांद्र्याच्या मोतमाउलीकडे आणि वेलंकनीकडे भाविकांचे जथे निघतात. सहलीची प्रथा त्यामानाने अलीकडची. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या परीक्षा आटोपतात, युवक वर्गणी गोळा करतात, एक बस ठरते आणि पहाटेच्या मिस्सानंतर मंडळी मार्गस्थ होतात. आम्ही सहलीला कमी लेखत नाही. वर्षभर शेतात, कारखान्यात आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्यांना एक मोकळा दिवस मिळावा, यात देवालाही आनंदच असणार. प्रश्न इतकाच की, या मोकळ्या दिवशी आपल्याला काय दिसते आणि काय दिसावयाचे राहून जाते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या निमित्ताने हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

लोणार आता पूर्वीइतके आडवाटेवर राहिलेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून मेहकर किंवा सिंदखेड राजा येथे महामार्ग सोडून एका दिवसात जाऊन येणे सहज शक्य झाले आहे. त्यामुळे सहलीचे वेळापत्रकही जणू छापील झाले आहे. सकाळी सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान, दुपारी लोणारचे सरोवर, परतताना जमल्यास शेगाव. या धावपळीत लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि त्यातील दहा मिनिटे छायाचित्रांत जातात.

सरोवराचे महत्त्व आता सर्वांना ठाऊक आहे. काळ्या बसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने पडलेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पूर्वी ते ज्वालामुखीचे मुख असावे असा तर्क होता. उल्काघाताच्या प्रचंड दाबाखालीच निर्माण होणारे काचसदृश द्रव्य येथील खडकात आढळल्याचे १९७३ साली अमेरिकी व भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि तो वाद मिटला. विवराच्या वयाविषयी मात्र एकमत नाही. एका मापनाने ते सुमारे ५२ हजार वर्षांचे, तर दुसऱ्या मापनाने ५ लाख ७० हजार वर्षांचे ठरते. जून २०२० मध्ये, महामारीमुळे माणसे घरात कोंडलेली असताना, येथील पाणी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला.

शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी या खाऱ्या पाण्याची उपपत्ती लावून ठेवली होती. लवणासुर नावाचा दैत्य येथील विवरात राहून लोकांना छळत असे. विष्णूने बालरूप घेऊन त्याचा वध केला. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त आणि पाण्यातील क्षार म्हणजे त्याचे मांस. दैत्याचा संहार करणारा म्हणून देवाचे नाव दैत्यसूदन, आणि त्याच नावाने गावातील मंदिर ओळखले जाते.

हे मंदिर चालुक्य-यादव काळातील. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. वास्तविक हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. परंतु चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभारलेली, त्याच्या आधीची मंदिरेही महाराष्ट्राने त्याच्याच नावावर जमा केली आहेत. दैत्यसूदन मंदिराची लांबी १०५ फूट आणि रुंदी ८४.५ फूट आहे. दीड मीटर उंचीच्या जोत्यावर ते उभे आहे. तळाचा आराखडा ताऱ्याच्या आकाराचा, म्हणजे भिंत सरळ न जाता सारखी कोन करीत पुढे-मागे सरकणारी. अशा भिंतीचा लाभ सायंकाळी कळतो. सूर्य कलला की एक कोपरा उजळतो, शेजारचा सावलीत जातो आणि कोरीव मूर्ती जणू एकामागून एक पुढे येऊ लागतात. माथ्यावरचे शिखर मात्र पूर्णत्वास गेलेले नाही. आत गेल्यावर मार्गदर्शक छताकडे विजेरीचा झोत टाकतो आणि तेथील शिल्पपट उलगडून सांगतो. ते पाहताना मान दुखते; तरीही खाली पाहावेसे वाटत नाही. गाभाऱ्यात दैत्याला पायाखाली घेऊन उभी असलेली विष्णुमूर्ती आहे. मंदिर संरक्षित स्मारक आहे, तसेच ते पूजेतील देवस्थानही आहे. तेथे आपण प्रेक्षक असतो त्याहून अधिक पाहुणे असतो.

याच ठिकाणी आपल्या मंडळींमध्ये नेहमीचा प्रश्न निघतो. ख्रिस्ती माणसाने देवळात पाऊल टाकावे काय? कोणी बाहेरच थबकतात, कोणी आत जाऊन अवघडल्यासारखे उभे राहतात, तर काही युवक बाहेरील मिथुनशिल्पांकडे बोट दाखवून हसण्यात आपला संकोच लपवितात. पहिल्या आज्ञेने आपल्याला उपासना एकाच देवाची करावयास सांगितली आहे. तिने डोळे मिटून चालावयास सांगितलेले नाही. संत पौल अथेन्स नगरीत गेला तेव्हा तेथील मूर्ती पाहून तो अस्वस्थ झाला. तरीही त्याने ती नगरी हिंडून, लोकांची पूजास्थाने नीट न्याहाळून पाहिली, आणि अज्ञात देवाला वाहिलेल्या एका वेदीपासून आपल्या भाषणाचा आरंभ केला. पाहिले नसते तर त्याला बोलता आले नसते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसृत करून इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी भूमिका घेतली. हे आम्ही सेमिनरीत शिकलो, व्यासपीठावरून शिकविले, आणि या प्रश्नाला एवढे उत्तर पुरेसे आहे असे आम्हांस वाटत असे.

काही वर्षांपूर्वीच्या एका सहलीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आमच्यासोबत होत्या. त्यांची जपमाळ कधी चुकत नाही, आणि प्रवासाचा उत्साह तरुणांना लाजविणारा. सिंदखेड राजाचा वाडा त्यांनी सर्वांच्या पुढे चालून पाहिला होता. दैत्यसूदन मंदिराशी मात्र त्या बाहेरच बसल्या. गुडघे दुखत असतील म्हणून आम्ही म्हटले, “आजी, हात देतो, चला.” त्या म्हणाल्या, “तुम्ही पाहून या, फादर. मी पोरांच्या चपला सांभाळते.”

दुपारी डबे उघडल्यावर त्यांनी आपण होऊन विषय काढला. “फादर, गुडघ्यांचं काही नव्हतं. माझ्या आज्याला गावच्या देवळाच्या पायरीवर चढू देत नसत. देवळाची डागडुजी निघाली तेव्हा दगड मात्र त्यानंच वाहिले. पायरीपर्यंत दगड न्यायचा आणि खाली ठेवायचा. पुढं दुसऱ्यानं उचलायचा. आता कोणी अडवत नाही, ते ठाऊक आहे मला. राग पण नाही कोणाचा. पण पाय उचलत नाही.”

एवढे बोलून त्यांनी शेजारच्या मुलाच्या डब्यात आपल्यातली भाकरी वाढली. आमच्याजवळ पौल होता, महासभा होती. परंतु आजींचा प्रश्न आम्ही ज्याचे उत्तर देत होतो तो नव्हताच. आत जाणे धर्माला मान्य आहे काय, असे त्या विचारीत नव्हत्या. कित्येक पिढ्या जे पाऊल अडविले गेले, ते आता कोणी अडवीत नाही म्हणून आपोआप उचलले जाते काय, असे त्या विचारीत होत्या.

त्यांच्या गावचे देऊळ वेगळे आणि लोणारचे मंदिर वेगळे. परंतु एकाच पायरीची ती गोष्ट नव्हे. याच वऱ्हाडात १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पायरीखाली उभे राहिलेल्यांपैकी काही त्याआधीच ख्रिस्ताकडे आले होते. पुढे १९५६ साली लाखो बुद्धाकडे गेले. आपल्या अनेक कुटुंबांचा इतिहास या पायरीखाली सुरू होतो. आपण तो सहसा बोलत नाही.

आणि आपण केवळ दुसऱ्यांच्या पायऱ्यांकडे बोट दाखवू शकत नाही. तामिळनाडूतील वडक्कनकुलम येथील आपल्याच चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात उच्च मानलेल्या आणि नीच मानलेल्या जातींना वेगळे ठेवणारी भिंत होती. एकच वेदी, एकच भाकर, आणि मध्ये भिंत. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पाडण्यात आली. चुना आणि दगड यांची भिंत पाडावयास काही दिवस लागतात. तिने घडविलेली सवय किती काळ टिकते, हे ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रामात, सोयरिकी जुळविण्याच्या वेळी तपासून पाहावे.

जेरुसलेमच्या मंदिरातही असाच एक कठडा होता. त्यापलीकडे परराष्ट्रीयाने पाऊल टाकल्यास त्याच्या मृत्यूस तोच जबाबदार राहील, असा इशारा त्यावर कोरलेला होता. हा ग्रीक लेख असलेली शिला १८७१ साली क्लेर्मों-गान्नो या फ्रेंच अभ्यासकाला सापडली, आणि ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. एका परराष्ट्रीयाला आत नेल्याच्या आरोपावरूनच संत पौलाला तेथे धरण्यात आले. इफिसकरांना लिहिताना ख्रिस्ताने मधली भिंत पाडली असे तो सांगतो, तेव्हा ते नुसते अलंकारिक लिखाण नव्हे. तो दगड त्याने पाहिलेला होता.

त्याच मंदिरातील आणखी एक प्रसंग आम्हांला आजींच्या बोलण्यानंतर नव्याने दिसला. येशू मंदिरातून बाहेर पडत असताना एक शिष्य त्याला तेथील प्रचंड दगड आणि भव्य इमारती पाहावयास सांगतो. गालीलहून आलेल्या माणसाचे ते कौतुक अगदी आपल्या सहलीतल्यासारखे आहे. येशूचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: यातला दगडावर दगड राहणार नाही. परंतु संत मार्कने हा प्रसंग जेथे ठेवला आहे, त्याच्या लगेच आधीच्या ओळींत एक गरीब विधवा दानपात्रात दोन नाणी टाकते. ती येशूला दिसली होती. त्याने शिष्यांना जवळ बोलावून दाखविलीही होती. काही क्षणांतच शिष्य तिला विसरून दगड पाहू लागले.

आम्ही दगडांचे वैरी नाही. दैत्यसूदन मंदिर घडविणाऱ्या हातांनी देवाने दिलेली बुद्धी आणि कौशल्य पणाला लावले आहे, आणि ते न पाहता परतणे हा करंटेपणा ठरेल. हे दगड फोडणाऱ्यांची आणि वाहणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांच्या श्रमाचा आदर करण्याचा एकच मार्ग आपल्याला उरला आहे, तो म्हणजे नीट पाहणे.

त्या सहलीपासून आमच्या धर्मग्रामात काही साध्या प्रथा पडल्या आहेत. निघण्यापूर्वी मिस्सात संत मार्कचा तो विधवेपासून दगडांपर्यंतचा उतारा वाचतो. एका दिवसात तीन गावे न घेता दोनच घेतो, म्हणजे मंदिराला दोन तास मिळतात. कोरीव कामाला हात लावावयाचा नाही, पूजा चालू असेल तर बाजूला उभे राहावयाचे, मार्गदर्शकाशी पैशांची घासाघीस करावयाची नाही, आणि सरोवराकाठी नेलेला प्रत्येक कागद व पिशवी बसमधून परत आणावयाची, हे मुलांना आधीच सांगितलेले असते.

आणखी एक प्रथा आहे, ती यादीत लिहिलेली नाही. कोणी बाहेर थांबले तर कारण विचारून त्याला भंडावयाचे नाही आणि हात धरून आतही ओढावयाचे नाही. त्याच्यासोबत आपल्यापैकी एकाने बाहेर बसावयाचे. बसणाऱ्याला आतील शिल्पे त्या दिवशी दिसत नाहीत. ती आठशे-नऊशे वर्षे तेथेच आहेत, पुढच्या वर्षीही असतील. पायरीपाशी बसलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे जे असते, ते मात्र आपण त्या दिवशी ऐकले नाही तर पुढच्या वर्षी ऐकावयास मिळेलच असे नाही.