कानाबरोबर कोण कोण ऐकतं

चि. मुक्ता,


नवी केबल जोडल्यावर तानपुरा एकदम मोकळा झाला असं तू लिहिलंस, आणि त्यावर तुझा मित्र हसला म्हणून तुला लागलं. त्यानं हसायला नको होतं. तुला जे ऐकू आलं ते खरंच ऐकू आलं. ते केबलमुळे की आणखी कशामुळे, हा प्रश्न मात्र उरतो, आणि या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तोच प्रश्न वाटतो. म्हणून सविस्तर लिहितो.

मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी जुन्या मूळ टेपांवरून महागड्या एलपी काढते. तिच्या ग्राहकांत डिजिटलचा वाराही सहन न करणारे पुष्कळ. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या 40,000 प्रती तिनं जाहीर केल्या, तेव्हा फिनिक्समधल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराला शंका आली. ज्या पद्धतीनं त्या निघणार होत्या तिच्यात ठरावीक प्रतींनंतर साच्याची तबकडी टेपवरून पुन्हा कापावी लागते. एवढ्या वेळा मूळ टेप वाजवायला देईल कोण? 2022 च्या जुलैमध्ये कंपनीच्या इंजिनियरांनी त्याला सांगितलं की मधे एक डिजिटल प्रत असते. 2011 पासून तिच्या कित्येक तबकड्या अशाच निघत होत्या. डिजिटलचा कोरडेपणा आपल्याला लगेच कळतो असं म्हणणारे लोक इतकी वर्षं त्याच तबकड्यांच्या अस्सलपणाची वाखाणणी करत होते.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. ग्राहकांचा राग रास्तच होता. आपण काय विकतो ते विकणाऱ्यानं सांगायलाच हवं. पण त्या रागाखाली आणखी काहीतरी दुखत होतं असं मला वाटतं. त्या बातमीनं तबकडीवरची एक रेघही हलली नव्हती. हललं होतं ते ऐकणाऱ्याचं स्वतःबद्दलचं मत. कान कधी एकटा ऐकत नाही. त्याच्याबरोबर किंमत ऐकते, कंपनीचं नाव ऐकतं, आणि आपण जाणकार ठरावं ही इच्छा तर सगळ्यांच्या पुढे बसलेली असते.

हे आपल्या बाबतीतही घडतं हे पकडायची सोय या छंदात आहे. फार थोड्या छंदांत ती असते. तू चाचणी घेच. आधी आवाजाची पातळी जुळव. ही पायरी गाळलीस तर बाकी सगळं व्यर्थ. दोन आवाजांत अगदी बारीक फरक असला तर कानाला तो मोठा-लहान असा कळत नाही, स्वच्छ-मळकट असा कळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात खर्ज कानाला जास्त दबलेला वाटतो. म्हणून किंचित वाढवलेला आवाज भरदार वाटतो. स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून एकाच सुरावर व्होल्टेज सारखं कर. मग केबल कोणती ते मैत्रिणीला नाणं उडवून ठरवू दे, तुला दिसू न देता. तू फक्त लिहीत जा. दोन-चार वेळा बरोबर आलं तर त्याला अर्थ नाही; पंधरा-वीस वेळा तरी कर.

आणि त्या वेळी स्वतःकडे लक्ष ठेव. आज कान जड आहेत, गाणंच चुकीचं निवडलं, अशा सबबी आधीच रांगेत उभ्या राहतील. कुठली सबब पहिली येते ते बघ. दुसरं कुणी तुला तुझ्याबद्दल हे इतक्या स्पष्टपणे सांगणार नाही.

मिरजेला तानपुरा बनवणाऱ्यांकडे मी बसून पाहिलं आहे. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो. कारागीर तो केसभर पुढे-मागे सरकवतो आणि कुठल्याशा एका जागी जवारी उमलते. त्या माणसाच्या कानाबद्दल मला अपार आदर वाटतो, कारण तो कान क्षणोक्षणी तपासला जातो. धागा चुकला की तार लगेच सांगते. तिच्यापुढे प्रतिष्ठा चालत नाही.

याच मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 च्या रेकॉर्डी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. सतत खरखर. यंत्राच्या दृष्टीनं पाहिलं तर दरिद्री ध्वनिमुद्रण. तरी त्या लावल्या की माझा हात दुसऱ्या कशाकडे जात नाही. वयानं माझ्या कानातले वरचे सूर कमी केले आहेत, ते सगळ्यांचेच होतात. पण मला काय हवं असतं ते या वर्षांत नेमकं कळलं: स्वर लागण्याआधीचा श्वास, आणि स्वर सोडताना गळा किंचित सैल होतो ती जागा. ती त्या खरखरीतूनही येते.

तुला आधी तानपुरा ऐकू येतो. पत्रात तू ना गायिकेचं नाव लिहिलंस, ना रागाचं. चाचणीचा निकाल काहीही लागो, ही गोष्ट तुझी आहे. ती जपून ठेव आणि वाढव.

एक मात्र सांगतो. ऐकणं म्हणजे नुसता भासच, असं समजू नकोस. स्पीकर बदलला, खोली बदलली की फरक डोळे बांधूनही कळतो. तुझे पुढचे पैसे तिथेच जाऊ देत. समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लाव, खाली सतरंजी घाल. खोलीची लांबी-रुंदी आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते कळव, म्हणजे स्पीकर भिंतीपासून किती पुढे घ्यायचे ते लिहून पाठवतो.

तुझा,
मामा