मेणाखालची नक्षी



उज्जैनच्या भैरवगढात बाटिक छपाई चालते. कापडावर आधी वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात, मग ते रंगात बुडवतात. मेणाखाली रंग पोहोचत नाही. गरम पाण्यात मेण उतरलं की नक्षी उघडी होते.

आमच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मी मुलांकडून प्रेषितांचा विश्वासांगीकार पाठ करून घेत असे. तो न अडखळता म्हणणाऱ्या एका मुलीने, आजीला मूठमाती दिल्यानंतरच्या रविवारी विचारलं, "टीचर, देहाचं पुनरुत्थान म्हणजे माझ्या आजीचंसुद्धा?"

वर्षभर मी शब्द घोटून घेतले होते, अर्थावर कधी थांबले नव्हते. प्रश्नोत्तरी मिटली. करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय आम्ही मिळून वाचला: पेरलेला दाणा, आणि मेलेल्यांतून प्रथम उठलेला ख्रिस्त. मग मी म्हणाले, "हो बाळा, हीच आपली आशा. आजीसाठीही."

पाठांतर वाया जात नाही. दुःखाच्या रंगात बुडताना ते मेणासारखी आशेची जागा राखून ठेवतं. पण नक्षी दिसेपर्यंत कुणीतरी मुलाजवळ बसावं लागतं. प्रभू आपल्याला तसं बसायला शिकवो. आमेन.