सावली आणि सावळेपणा

माळव्यातील रात्रींचे कौतुक पुष्कळ झाले आहे. ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग इंदूर-उज्जैनकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवला जातो. दुपारीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते. २१ जूनच्या सुमारास आकाश निरभ्र असेल तर तेथील वेधशाळेतील शंकूची छाया माध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते. सूर्य डोक्यावर येणे हा वाक्प्रचार आमच्या प्रांतात अक्षरशः खरा ठरतो.

होळकर, शिंदे, पवार यांच्यामागून इकडे आलेल्या आपल्या घराण्यांनी या उन्हाशी आपल्या परीने तह केला. पगडी, उपरणे, छत्री, वाळ्याचे पडदे आणि दुपारची बंद दारे ही त्या तहाची कलमे होत. अलीकडे त्यांत एका नव्या कलमाची भर पडली आहे, ती म्हणजे सनस्क्रीनची ट्यूब. आमच्या घरातील आरशापुढेही ती विराजमान झाली, तेव्हा सरकारी नोकरीत जडलेल्या सवयीप्रमाणे आम्ही प्रथम तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली. फाइलीतील टिपणीपेक्षा तळटीप महत्त्वाची असते, हा आमचा जुना अनुभव. तो येथेही उपयोगी पडला.

ट्यूबवर सर्वांत ठळक असतो तो एसपीएफचा आकडा. त्वचा भाजणारे जे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, त्यांच्यापासून किती रक्षण होते याचे ते मुख्यतः माप आहे. एसपीएफ १५ असे किरण सुमारे ९३ टक्के अडवते, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे १५ वरून ३० वर जाण्यात अर्थ आहे, परंतु त्यापुढे आकडा आणि किंमत ज्या वेगाने चढतात त्या वेगाने लाभ चढत नाही. आपल्या नित्याच्या वापराला ३० ते ५० पुरेसे होते.

दुसरे किरण यूव्हीए. ते भाजत नाहीत म्हणून ध्यानात येत नाहीत, पण त्वचेत अधिक खोल जातात, सुरकुत्या आणि डाग त्यांच्यामुळे वाढतात, आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही ते बऱ्याच प्रमाणात आत येतात. याचा पुरावा आम्ही अंगावर बाळगून आहोत. दौऱ्यावर वर्षानुवर्षे जीपच्या पुढील डाव्या आसनावर बसल्यामुळे आमचा डावा हात आणि डावा गाल उजव्यापेक्षा आजही एक छटा गडद आहेत. या किरणांसाठी ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’पुढील अधिकचिन्हे पाहावीत. ही पद्धत जपानात १९९६ साली सुरू झाली. तीन किंवा चार चिन्हे असलेली ट्यूब घ्यावी.

घटकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. जस्ताचे ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हा खनिज वर्ग. तो नाजूक त्वचेला आणि लहान मुलांना सहसा मानवतो, मात्र आपल्या गव्हाळ वर्णावर त्याचा राख फासल्यासारखा पांढुरका थर दिसतो. दुसरा वर्ग ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन यांसारख्या रासायनिक द्रव्यांचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ही द्रव्ये काही प्रमाणात रक्तात उतरतात असे दिसले. रक्तात सापडणे म्हणजे अपाय सिद्ध होणे नव्हे, हे त्याच संशोधकांनी स्पष्ट केले आणि सनस्क्रीन वापरणे थांबवू नये असेही सांगितले. ज्यांचे मन तरीही साशंक असेल त्यांना खनिज वर्ग मोकळा आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र यांपैकी काहीच लावू नये, त्याला सावलीतच ठेवावे.

उत्तम ट्यूब आणून ती चिमटीने वापरली तर मात्र सर्व हिशेब चुकतो. प्रयोगशाळेत हे आकडे ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देतात, आणि लोक प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात. सोपे माप असे की, तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत मलमाची रेघ ओढावी. तेवढे चेहरा आणि मान यांना लागते. बाहेर पडण्यापूर्वी १५-२० मिनिटे लावावे, उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. मुदत संपलेली किंवा उन्हात उभ्या मोटारीत तापलेली ट्यूब वापरू नये. चंदन, हळद, मुलतानी माती यांचे गुण त्यांच्या जागी थोर आहेत, पण सनस्क्रीनचे काम त्यांच्यावर सोपवता येत नाही.

इतके झाल्यावर एक मूळ प्रश्न उरतो. हे सर्व कशासाठी?

ऑस्ट्रेलियातील नँबर या गावी १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत मेलॅनोमा हा घातक प्रकार निम्म्यावर आलेला दिसला. ती माणसे गोऱ्या वंशाची. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे निसर्गाने दिलेले छत्र आहे, त्यामुळे हा कर्करोग आपल्यात पुष्कळच कमी आढळतो. आपल्याला उन्हाचा उपद्रव होतो तो वांग, डाग, अकाली सुरकुत्या आणि उन्हाची ॲलर्जी या रूपाने. म्हणजे ज्या सावळेपणामुळे आपले रक्षण होते तोच घालवण्यासाठी आपल्या घरांत ही ट्यूब आणली जाते. ‘अगं, उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील,’ हे वाक्य ज्या मुलीने ऐकले नाही अशी मुलगी आपल्या जुन्या घराण्यांत शोधूनही सापडणार नाही. आणि ‘काळी पडशील’ याच्या पुढचे न उच्चारलेले वाक्य स्थळांविषयीचे असते, हेही सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या आप्तांतील एका पदवीधर मुलीला दोन स्थळांकडून नकार आला. कारण कोणी सांगितले नाही, सर्वांनी ओळखले. त्यानंतर तिने कोणा परिचित बाईने दिलेले, नाव-गाव नसलेल्या डबीतील मलम सनस्क्रीन म्हणून लावायला आरंभ केला. महिनाभरात चेहरा उजळला, घरातील वडीलधारी आनंदली. सहा महिन्यांत त्वचा पातळ होऊन लाल झाली, गालांवर लव वाढली, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हातही चेहऱ्याची आग होऊ लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की त्या डबीत स्टेरॉईड होते. अशी कित्येक मलमे चिठ्ठीविना विकण्यास सरकारने २०१८ साली मनाई केली आहे, परंतु बिनानावाच्या डबीला कायदा कसा सापडणार? उपचार वर्षभर चालले. डॉक्टरांनी तिला लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दिले, कारण सावळ्या त्वचेवरील डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि पांढरे मलम तो प्रकाश नीट अडवत नाही. त्या मलमाचा रंग तिच्या वर्णाशी जुळवून निवडलेला होता. तिच्या स्वतःच्या रंगाचे असे काही तिला कोणी आणून देण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

तेव्हापासून आमच्या घरात आम्ही एक साधी कसोटी लावतो. नात महाविद्यालयात जाते, तिला ट्यूब मिळते. नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी दहापासून मैदानावर क्रिकेट खेळतो, त्याला मिळत नाही, कारण मुलाच्या काळे पडण्याची चिंता कोणालाच नाही. वस्तू आरोग्यासाठी असेल तर तिची अधिक गरज त्याला आहे. आम्ही हे बोलून दाखवले तेव्हा आमच्या सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी नातवाच्या किटमध्ये एक ट्यूब व मोठ्या काठाची टोपी आली. तो कुरकुरला, पण लावू लागला आहे.

नातीला आम्ही एवढेच सांगितले आहे की ट्यूबवर ‘गोरेपणा’ किंवा त्याचे कोणतेही नवे, सभ्य नाव दिसले तर ती खाली ठेवावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजावे, मग छत्री उघडावी, दाट विणीची ओढणी घ्यावी आणि उघड्या राहिलेल्या भागाला मलम लावावे. इंदूरच्या रस्त्यांवर स्कूटरवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याला ओढणी गुंडाळून घेतात, त्यांचे ज्ञान या बाबतीत आपल्यापेक्षा कमी नाही. त्या ओढणीआड मुलगी जो वर्ण घेऊन निघते, तोच घेऊन ती घरी परतावी. तो उजळावा अशी अपेक्षा तिच्याकडून निदान आपल्या घरात तरी कोणी करू नये.