आधी खरारा, मग रिकीब

उन्हाळी शिबिरात मुलाला पहिल्याच दिवशी खोगिरावर चढवू नये, हे माझं मत मुलांना शिकवता शिकवता पक्कं होत गेलं. आधी त्याच्या हातात खरारा द्यावा, घोड्याला पाणी पाजायला आणि खूर साफ करायला लावावं. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून गुपचूप मागून जाणाऱ्याला लाथ बसू शकते. बोलत, खांद्याच्या बाजूनं जाणाऱ्याला तो धोका कमी. कान मागे चिकटले की जनावर चिडलंय, हेही जमिनीवर उभं राहूनच नीट शिकता येतं. अंगावर बसलेली माशी ज्याला जाणवते, त्याला स्वाराच्या मांडीतला ताणही जाणवतो. भ्यालेलं मूल पाठीवर बसवणं म्हणजे घोड्यालाही भिववणं.

बारामतीजवळच्या आमच्या काटेवाडी परिसरात या क्रमाचे दाखले समोरच आहेत. तुकोबांची पालखी येते तेव्हा इथं मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पुढे बेलवाडीला अश्वांचं. टाळमृदंगाच्या गजरात, एवढ्या गर्दीत घोडा न बिथरता धावतो, ते वर्षभर त्याला सांभाळणाऱ्या हातांमुळे. याच भागातल्या भीमथडी जातीचे घोडे एके काळी मराठ्यांच्या घोडदळात होते. आज ते मुख्यतः धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहतात. त्या घरांतली पोरं म्होरकी धरायला आणि ओझं उतरवायला मदत करतच मोठी होतात, स्वारी त्यातूनच येते. शिबिरानं हाच क्रम घ्यावा.

पालक विचारतात, फी स्वारीची भरली, मग शेण का काढायचं? पण मे महिन्याच्या उन्हात स्वारी भल्या सकाळीच करता येते, आणि नवख्या मुलाला अर्ध्या तासाची बैठकही पुरते. उरलेला वेळ पागेच्या सावलीत शिकण्यासाठीच आहे. दुसरा आक्षेप, हा श्रीमंतांचा छंद आहे. स्वारीपुरता विचार केला तर तो खराही वाटेल. मात्र एका घोड्यावर एका वेळी एकच मूल बसतं, तर त्याची निगा चार-पाच मुलं मिळून शिकू शकतात. त्यासाठी काटक, कमी चाऱ्यावर निभावणारा भीमथडी पुरेसा आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, पण जात टिकायची तर तिला सांभाळणारी नवी पिढी लागेल. ट्रॅक्टरच्या काळात याचा उपयोग काय, असंही विचारलं जातं. कित्येक पटींनी वजनदार जनावरापुढे मुलाची ताकद चालत नाही. आवाज, हात आणि स्वतःची भीती ताब्यात ठेवावी लागते. हे शिक्षण कुठल्याही काळात उपयोगीच. म्हणून शिबिराच्या शेवटी मूल किती भरधाव गेलं हे मोजू नये. उतरल्यावर त्यानं न सांगता तंग सैल केला का आणि आपल्याआधी घोड्याच्या पाण्याची चौकशी केली का, हे पाहावं.