तंजावरपर्यंत, दुचाकीवर

हैदराबादहून तंजावरला दुचाकीवर जायचं, हे ऑफिसात कुणालाच पटलं नाही. रेल्वे आहे, विमान आहे! पण व्यंकोजीराजे किती दूर जाऊन राहिले, हे खिडकीतून कळत नाही.

पहिला टप्पा बंगळूर, साधारण पावणेसहाशे किलोमीटर. टोलनाक्यावर डावीकडून निघायचं, दुचाकीला पैसे नाहीत. कर्नूलला तुंगभद्रा ओलांडली की आंध्र. अनंतपूरकडे उघडे खडकाळ डोंगर आणि वारा. इथे बघण्यापेक्षा सोसणंच जास्त. बंगळुरात मुक्काम, चेनला वंगण. व्यंकोजीराजेही तंजावरला बंगळूरहूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी नामक्कलला महामार्ग सोडून मुसिरीचा रस्ता धरला. शेजारी कावेरी, दुतर्फा केळी. तुम्ही गेलात तर हाच रस्ता घ्या, वेळ लागला तरी.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. दिवसभर तमिळ पाट्यांपुढे निरक्षर झालेला मी तो मोठ्यानं वाचू लागलो.

"तुम्ही कुठचे?" मागून एका आजोबांनी विचारलं. हेल तमिळ, शब्द आपले. कित्येक पिढ्या तिथेच. मराठी फक्त घरात बोलण्यापुरती, देवनागरी येत नाही. माझी मुलगी मला हिंदीत उत्तर देते, असं मी सांगितलं. "माझा नातू इंग्रजीत," ते म्हणाले.

मग मी अक्षरं लावायची आणि अडलेल्या जुन्या शब्दाचा अर्थ त्यांनी सांगायचा, असं अंधार पडेपर्यंत चाललं.